‘संपलं’ म्हणायची मनाई

माझे साडू क्रूझ जहाजावर वेटर होते. माझ्या पत्नीची थोरली बहीण, आमच्या ताई, त्यांना दिलेली. म्हणजे नात्यानं ते मोठे, वयानं मात्र माझ्याहून चार वर्षांनी लहान. कोणी कोणाला ‘अहो’ म्हणायचं हा प्रश्न पहिल्याच भेटीत आला, आणि दोघांनीही एकमेकांना अहो-जाहो करून तो मिटवून टाकला.

आम्ही एकाच कंपनीत होतो. ते समुद्रावर, मी किनाऱ्यावरच्या कचेरीत. सफर संपताना प्रत्येक प्रवाशाकडून एक फॉर्म भरून घेतला जातो: खोली कशी होती, जेवण कसं होतं, कर्मचारी कसे वागले. ते फॉर्म माझ्या विभागात येत. आम्ही ते वाचायचे, तक्रारींची वर्गवारी करायची आणि दर तिमाहीला वर अहवाल पाठवायचा. त्यामुळे साडूंना जहाजावर काम करताना मी एकदाही पाहिलं नाही, पण त्यांच्याबद्दल हजारो अनोळखी माणसांनी लिहिलेलं वाचलं. ‘पाचव्या मजल्यावरच्या हॉलमधले ते टक्कल पडलेले काका.’ ‘माझ्या वडिलांना मासा चालत नाही, हे दुसऱ्या दिवशी न सांगता लक्षात ठेवणारे गृहस्थ.’ एका बाईंनी नुसतंच लिहिलं होतं, ‘आमचा काका कंपनीपेक्षा चांगला आहे.’

हे मी त्यांना घरी वाचून दाखवी. ते लाजत. “पुरे हो साडूभाऊ,” म्हणत, आणि लगेच विचारत, “कोणत्या टेबलाच्या?”

नऊ महिने समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी, असा त्यांचा एकेक करार. घरी आले तरी त्यांना बसून जेवता येत नसे. डाव्या हातावर तीन ताटल्या, उजव्या हातात चौथी, अशा थाटात ते आम्हाला वाढत आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराला टेकून दोन घास खात.

“बसा हो!” ताई ओरडत. “उभ्यानं खायला तुम्ही काय घोडा आहात?”

“घोड्याला निदान तोबरा बांधतात. मला तोही नाही.”

“ऐकलंत ना?” ताई माझ्या पत्नीकडे वळत. “हे घरी आले की मला हॉटेलात राहायला आल्यासारखं वाटतं. फक्त बाईसाहेब म्हणायचं बाकी ठेवलंय यांनी.”

“म्हणू का, बाईसाहेब?”

सगळे हसत. पण एकदा आम्ही दोघेच गच्चीत बसलो असताना ते म्हणाले होते, “साडूभाऊ, ही मला पाहुण्यांचा कप देते हो. तो निळ्या काठाचा, कपाटातला. मुद्दाम नाही देत. तिच्या हाताला तशी सवयच झालीय. मला रोजच्या कपात चहा पाहिजे.”

त्याला एक वाट होती. कंपनीचं किनाऱ्यावर एक प्रशिक्षण केंद्र आहे. नव्यानं भरती झालेल्यांना तिथे ताटली कशी धरायची इथपासून शिकवतात. वीस करार पूर्ण केलेल्या आणि पंचावन्नच्या आत असलेल्या वेटरला तिथे शिक्षक म्हणून घेतात. साडूंचे अठरा करार झाले होते, एकोणिसावा चालू होता आणि वय त्रेपन्न होतं. विसावा मिळाला की झालं. तो मिळाला नाही, तर एकोणीस वर्षं नुसती समुद्रात गेली. गुडघे झिजलेल्या त्रेपन्न वर्षांच्या वेटरला दुसरं कोण घेणार?

करार मिळायला अडचण अशी काहीच नव्हती. त्यांच्या नावावर एकोणीस वर्षांत ‘वर्तन’ या सदराखाली एकही तक्रार नव्हती. आमच्या वर्गवारीत तेच सदर जीवघेणं. पुरवठा, स्वच्छता, यंत्रणा, या सदरांखालच्या तक्रारी कंपनीच्या खात्यावर जातात. वर्तनाची तक्रार माणसाच्या नावावर जाते, आणि एक जरी गेली तरी पुढचा करार होत नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत फॉर्म बदलत गेलेले मी पाहत होतो. आधी टेबलावरचे कापडी रुमाल गेले, मग टेबलक्लॉथ गेले. मग वेटरचा मदतनीस गेला. पूर्वी सोळा प्रवाशांना एक वेटर आणि एक मदतनीस असे, आता अठ्ठावीस प्रवाशांना एकटा वेटर. वाटेतली दोन बंदरं कंपनीनं गाळली, त्यामुळे ताजी भाजी आणि फळं भरायची दोन ठिकाणंही गेली. प्रवासी हे सगळं टिपत होते. ‘मासा इतका पातळ होता की खालच्या ताटलीवरचं जहाजाचं नाव वाचता आलं.’ ‘आइस्क्रीमच्या मशीनवर बिघाडाची पाटी होती. पाटी छापील आणि पितळी चौकटीत होती, त्यावरून हा बिघाड बराच आधी ठरवलेला असावा.’ ‘नाश्त्याच्या रांगेत माझ्या मागच्या गृहस्थांशी इतकी ओळख झाली की त्यांच्या मुलीसाठी आम्ही स्थळ सुचवलं.’

आणि यातल्या बहुतेक फॉर्मच्या शेवटी एक ओळ असायचीच: पण वेटर देवमाणूस होता.

तीच ओळ नडली. वर अहवाल गेला की तिथे निष्कर्ष निघे: कपात करूनही सेवेबद्दल समाधान टिकून आहे, सबब आणखी कपातीस वाव आहे. साडू आणि त्यांच्यासारखे शे-दोनशे लोक धावून धावून जे झाकत होते, ते इतकं छान झाकलं जात होतं की वर कोणाला भोक दिसेचना.

एका तिमाहीत मी अहवालाला एक नवा तक्ता जोडला. प्रवाशांच्या तक्रारींत कोणता शब्द किती वेळा येतो, याचा. सर्वांत वर ‘संपलं’ होता. लोणी संपलं, दूध संपलं, फळं संपली. माझ्या मते तक्ता स्पष्ट होता. वाचणारा म्हणेल, माल जास्त भरा. महिनाभरानं जहाजांवर परिपत्रक गेलं: यापुढे कोणत्याही कर्मचाऱ्यानं प्रवाशासमोर ‘संपलं’ किंवा ‘नाही’ हे शब्द वापरू नयेत. त्याऐवजी ‘आत्ता येतंय’ असं हसतमुखानं म्हणावं. पुढच्या तिमाहीत माझ्या तक्त्यातून तो शब्द खरोखरच गेला. वरून शाबासकीची चिठ्ठी आली. मी ती फाइलला लावली.

साडूंचा एकोणिसावा करार संपला, आणि ते घरी आले तेव्हा मी नेहमीसारखा भेटायला गेलो. माणूस वाळला होता. ताई चहा ठेवायला आत गेल्यावर ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “शेवटच्या सफरीत माझ्या हातून एक घोळ झालाय.”

अकरा नंबरच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. सोबत त्यांची बहीण. बाईंची एकच मागणी: सकाळच्या कोऱ्या चहात पिळायला लिंबाची फोड. पहिले तीन दिवस साडूंनी ती मागायच्या आधी ठेवली. चौथ्या दिवशी जहाजावरची लिंबं संपली. पुढच्या बंदराला आठ दिवस होते.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? आत्ता येतंय.”

“आणि त्या?”

“थांबल्या. तेच तर झालं ना, साडूभाऊ! बाकीचे लोक दोन मिनिटं वाट बघतात आणि पिऊन टाकतात. या बाई शिस्तीच्या. लिंबू येतंय म्हटल्यावर चहाला हातच लावला नाही त्यांनी. घड्याळ बघत बसल्या. चहा गार. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला उभं केलं. म्हणाल्या, ‘माझ्याकडे बघून सांगा, या जहाजावर लिंबू आहे की नाही?’ आणि माझ्या मागं दोन पावलांवर सुपरवायझर वही घेऊन उभा.”

“कानात सांगायचं त्यांच्या.”

“वाकलो असतो तर त्यानं वहीत लिहिलं असतं. म्हणून मी तोंडानं म्हटलं, आत्ता येतंय बाई. आणि डोळ्यांनी सांगितलं, नाहीये हो.” साडूंनी मला तो डोळा करून दाखवला. एक डोळा बारीक, भुवई वर. मग मान खाली घातली. “त्यांना वाटलं, मी डोळा मारला.”

मला हसू आलं. खरंच आलं. त्यांनाही क्षणभर आलं. मग ते म्हणाले, “त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र रोज म्हणतच होतो, आत्ता येतंय. सफरीच्या शेवटी फॉर्म भरताना मी लांबून बघत होतो. पानभर लिहीत होत्या. तो फॉर्म तुमच्याकडेच येणार ना?”

“येईल.”

“लिंबाची तक्रार आहे ती. पुरवठ्याची. तुम्हाला वाचल्यावर कळेलच.”

“कळेल,” मी म्हणालो.

ताई चहा घेऊन आल्या आणि आम्ही विषय बदलला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. विसाव्या करारानंतर नवरा घरी राहणार म्हणून त्या पडदे शिवायला टाकून बसल्या होत्या.

फॉर्म बारा दिवसांनी आला. सुवाच्य अक्षर, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. ‘हा कर्मचारी लिंबाबद्दल माझ्याशी सलग आठ दिवस खोटं बोलला आहे. एकदा त्यानं डोळाही मिचकावला. माझ्या वयाच्या बाईची थट्टा करण्यासारखं लिंबात काय आहे, ते मला समजलं नाही.’

माझ्यापुढे दोन रकाने होते, पुरवठा आणि वर्तन. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यानं काय केलं असतं, मला माहीत नाही. मी आयुष्यभर हिशेबाची शिस्त पाळत आलो. आपल्या माणसाचं प्रकरण आपण हाताळायचं नाही, हे मला पहिल्या नोकरीत शिकवलं गेलं होतं. शिवाय मला मनापासून वाटलं की त्रयस्थ माणसानं वाचलं तर न्यायच होईल. लिंबू नव्हतं ही गोष्ट कोणालाही दिसेल. मी फॉर्मला चिठ्ठी जोडली: ‘सदर कर्मचारी माझे नातेवाईक असल्यानं वर्गवारी अन्य सहकाऱ्यानं करावी.’ आणि तो शेजारच्या टेबलावर दिला.

शेजारच्या टेबलावरच्या सहकारी कामाला चोख. वर्गवारीची नियमावली त्यांना तोंडपाठ होती. ती मीच लिहिली होती. त्यात एक कलम असं: फॉर्ममध्ये ‘खोटं’, ‘उद्धट’, ‘थट्टा’ यांपैकी शब्द आल्यास पुढील विचार न करता ‘वर्तन’. रोज शेकडो फॉर्म असत, विचार करत बसलं तर काम हलत नसे. त्यांनी दोन शब्दांखाली रेघ मारली, शिक्का मारला आणि फॉर्म पुढे पाठवला. याला मिनिटभरही लागलं नसेल. मी जेवणाच्या सुट्टीतून परत आलो तेव्हा तो माझ्या मजल्यावर नव्हता.

“पण लिंबू नव्हतंच ना हो जहाजावर,” मी त्यांना म्हणालो.

“सर, चिठ्ठी तुम्हीच जोडलीत,” त्या म्हणाल्या. “त्यावर मी पुरवठा लिहिलं असतं, तर नातेवाईक म्हणून सोडलं असं नसतं का झालं?”

आठवड्यानं साडूंना पत्र गेलं: पुढील कराराचा विचार करता येत नाही.

त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. “साडूभाऊ, चुकून आलंय का हे?”

तेव्हा मी एकोणतीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. प्रवाशांच्या यादीतून त्या बाईंचा नंबर काढला आणि कचेरीबाहेर येऊन, फुटपाथवर उभं राहून त्यांना फोन लावला.

“लिंबाबद्दल बोलायचंय,” मी म्हणालो.

“आठ दिवस,” त्या म्हणाल्या. “मी पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय. खोटं बोलणारं तोंड मला पाठमोरी असले तरी ओळखू येतं.”

“बाई, त्यांना ‘नाही’ म्हणायची बंदी होती. ‘संपलं’ म्हणायची बंदी होती. लेखी.”

“आणि तो डोळा?”

“डोळ्यांनी ते खरं सांगत होते. मागं सुपरवायझर उभा होता.”

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. मग शिक्षिकेच्या आवाजात, “ही बंदी कोणी घातली?”

“ऑफिसनं.”

“आणि तुम्ही कोण बोलताय?”

“मी ऑफिसातूनच बोलतोय.”

“त्या माणसाचं काय झालं?”

मी सांगितलं. करार, वीस, पंचावन्न, सगळं. त्या म्हणाल्या, “मी पत्र लिहिते. आजच लिहिते. माझा फॉर्म मी मागे घेते.” आणि खरोखरच चौथ्या दिवशी पत्र आलं, दोन पानं. माझा गैरसमज झाला, तो मनुष्य प्रामाणिक आहे, त्यास शिक्षा झाल्यास ती माझ्यामुळे होईल आणि मला ते या वयात सहन होणार नाही, असं त्यात होतं. पत्राची प्रत घेऊन मी साडूंकडे गेलो. त्यांनी ती तीनदा वाचली. ताईंनाही तोवर सगळं कळलं होतं. त्यांनी पत्र हातात घेऊन कपाळाला लावलं. “झालं तर मग,” त्या म्हणाल्या. “आता काय म्हणतील ते?”

दुसऱ्या दिवशी मी पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब माझ्या मुलापेक्षा वयानं लहान, पण माणूस सभ्य. त्यांनी उठून खुर्ची दिली. पत्र शेवटपर्यंत वाचलं.

“सर, फॉर्म मागे घ्यायची तरतूद आपल्याकडे नाही,” ते म्हणाले. “तरी मी विशेष बाब म्हणून वर विचारलं असतं. पण मला एक सांगा. पत्रात करारांची संख्या आहे, वयाची अट आहे. हे या बाईंना कसं कळलं?”

मी त्यांच्या हातातल्या पत्राकडे पाहिलं.

“प्रवाशाला फोन कोणी केला?”

“मी.”

“आणि कर्मचारी आपले…”

“साडू.”

त्यांनी पत्र हळूच माझ्याकडे सरकवलं. “मग हे मी वर पाठवू शकत नाही. नातेवाइकानं प्रवाशावर दबाव आणून लिहून घेतलं, असाच अर्थ निघेल. पाठवलं तर त्यांचं आधीचं एकोणीस वर्षांचं रेकॉर्डही तपासायला काढतील. आपल्यालाही चार महिने राहिलेत निवृत्तीला. आपण हे पाहिलंच नाही, असं धरू या.”

“आणि करार?”

“सर, तो विषय आता नाही राहिला.”

मी म्हणालो, “ज्या परिपत्रकामुळे हे झालं, ते तरी मागे घ्या.”

“का?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “तक्रारी तर कमी झाल्यात. आपलाच तक्ता आहे ना तो?”

संध्याकाळी मी साडूंकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं. समोरच्या खोलीत जेवणाचं टेबल मधोमध ओढलं होतं. त्यावर चार ताटल्या आणि काटे-चमचे मांडले होते, शेजारी एक वही. नव्या मुलांना काय काय शिकवायचं ते साडूंनी मुद्दे काढून लिहून ठेवलं होतं. बाईंचं पत्र आल्यापासून त्यांनी विसाव्या कराराच्याही पुढचा विचार सुरू केला होता.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असणार. तरी त्यांनी मला सगळं सांगू दिलं. ताई खिडकीपाशी उभ्या होत्या.

“म्हणजे पत्र आलं म्हणून नाही,” साडू म्हणाले, “आणि आलं नसतं तरी नाही.”

“हो.”

“दुसऱ्या कंपन्यांत विचारलं मी. दोघांनी वय ऐकून फोन ठेवला. एक जण म्हणाला, भांडी घासायला या.” त्यांनी टेबलावरचा एक चमचा सरळ केला. मग म्हणाले, “एक विचारू? रागावू नका. तो फॉर्म तुमच्या हातात आला, तेव्हा तुमच्या मते ती तक्रार कसली होती?”

“पुरवठ्याची.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग लिहिलं का नाहीत?”

माझ्याकडे उत्तर होतं. नातेवाईक, नियम, त्रयस्थ. ते मी मनात जुळवलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिल्यावर मला ते उच्चारता आलं नाही. ते वाट बघत उभे होते, किंचित पुढे वाकून. नंतर त्यांनीच मान हलवली आणि ताटल्या एकावर एक रचायला लागले. आवाज न करता. चारही ताटल्या, मग काटे, मग चमचे.

“मी काहीतरी करतो,” मी म्हणालो. “बघतो कुठे.”

ते ताटल्या उचलून आत घेऊन गेले. मी चपला घातल्या आणि दारातून नेहमीप्रमाणे म्हणालो, “येतो.”

ताई खिडकीतून वळल्या नाहीत. “जा,” त्या म्हणाल्या.

तीस वर्षांत त्या घरातून मला कोणी ‘जा’ म्हटलं नव्हतं. मी जिना उतरलो. खाली येईपर्यंत वरचं दार लागलं होतं.